पांढरी वर्दी मी शिवली नाही

सुहास,

काल तुझ्या शोकसभेत मी ओरडलो. जव्हारमध्ये शोकसभेत कुणी ओरडत नाही. लोक दोन मिनिटं उभे राहतात, खाली मान घालून घड्याळ बघतात, मग चहा पितात आणि घरी जातात. मी ओरडलो तेव्हा चार जणांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. "रफीकभाई, वेळ कोणती आहे, जरा भान ठेवा." भान म्हणे मी ठेवायचं.

मंचामागे तुझा फोटो होता, दोन माणसांच्या उंचीचा. हिरव्या वर्दीतला. खाली लिहिलं होतं, 'देशाच्या सीमेवर लढताना वीरमरण'.

तू सीमेवर गेला नाहीस. तू तुझ्या समुद्राकाठच्या वसाहतीत सकाळी धावायला गेलास, तिसऱ्या फेरीला छातीत कळ आली, कठड्यावर बसलास आणि उठलाच नाहीस. आणि गेलास तेव्हा तू लष्करात नव्हतास. सहा वर्षं झाली होती तुला ती हिरवी वर्दी उतरवून. तू तटरक्षक दलात गेला होतास, समुद्रावर हेलिकॉप्टर उडवत होतास, आणि हे त्या सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीला माहीत होतं. कारण याच लोकांनी सहा वर्षांपूर्वी ते एकमेकांना चवीनं सांगितलं होतं.

अध्यक्ष होते आपले अण्णाशेठ. माइक हातात धरून म्हणाले, "आपल्या मातीचा हा वाघ शेवटच्या श्वासापर्यंत लष्करासाठी लढला." हेच अण्णाशेठ तेव्हा माझ्या दुकानात सफारीचं माप द्यायला उभे होते आणि म्हणाले होते, "लष्करातून कोण असं मधेच निघतं? पहाडात फाटली असणार त्याची. पळाला." त्यांच्या छातीभोवती माझा टेप होता. मी आकडा वहीत लिहिला आणि म्हणालो, "हात खाली करा शेठ." बाकी काही म्हणालो नाही.

काल म्हणालो. मागच्या रांगेतून उठून म्हणालो, "जिवंत होता तेव्हा त्याला पळपुटा म्हणालात. आता मेल्यावर परत लष्करात भरती कशाला करताय?"

मग माझा दंड धरला गेला.

बाहेर पायरीवर जाऊन बसलो. राग त्यांचा होता, पण फक्त त्यांचाच नव्हता. तो बॅनरवरचा फोटो माझ्या दुकानातला होता. सभेसाठी मागायला आले तेव्हा मीच खिळ्यावरून काढून, फडक्यानं पुसून दिला होता.

आपण चौथीत असताना शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं होतं, आठवतं? कुणी मोठे मंत्री मोखाड्याकडच्या पाड्यांवर कुपोषणाची पाहणी करायला आले होते. धुळीनं आपल्या सगळ्यांचे गणवेश लाल झाले. सगळी शाळा मंत्र्यांमागे पळाली. तू तिथंच उभा राहिलास. वैमानिक खाली उतरून पंख्याच्या सावलीत उकडलेलं अंडं सोलत होता. तू दोरीखालून वाकून त्याच्याजवळ गेलास आणि विचारलंस, "काका, यात किती माणसं बसतात?" त्यानं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण घरी जाताना तू चिडलेला होतास. म्हणालास, "एवढं मोठं यंत्र, आणि फक्त पाच जण. त्या पाड्यावरच्या पोरांना यातूनच दवाखान्यात न्यायचं ना. मंत्र्याला जीप चालली असती."

तुझे वडील एसटीत कंडक्टर. गाडीत जागा नाही म्हणून कुणाला खाली ठेवून घंटी मारणं त्यांना कधी जमलं नाही, डेपोत त्यांची त्यावरून कायम थट्टा व्हायची. तू त्यांचाच मुलगा होतास. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी शिंप्याचा मुलगा, मला कपडे कळत होते.

लष्कराच्या मुलाखतीला जाताना तुझा कोट मी शिवला. अब्बांनी पहिल्यांदा मला एकट्याला कापड कापू दिलं ते तुझ्या कोटाचं. तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली. मी आतून एक जादा घडी घातली आणि दोन्ही खांदे सारखे केले. तू आरशात बघून म्हणालास, "मास्तर, तुम्ही तर मला अधिकारीच केलंत." तेव्हापासून मी तुझा मास्तर. पुढे तू खरंच अधिकारी झालास, मग हेलिकॉप्टरचा वैमानिक झालास. चौकात ढोल वाजले, अण्णाशेठनी पेढे वाटले. प्रत्येक सुट्टीत तू वर्दीची पिशवी घेऊन माझ्याकडे यायचास. तुमच्याकडे चांगले शिंपी असतील की, मी म्हणायचो. तू म्हणायचास, "त्यांना माझा खांदा सापडत नाही."

तो फोटो तेव्हा माझ्या दुकानात आला, मशीनच्या वर, बरोबर मधोमध.

आता ते सांगतो जे तुला कधी सांगितलं नाही. तो फोटो मी फक्त प्रेमानं लावला नव्हता. वर्षात काही दिवस असे येतात की टीव्हीवर काहीतरी पेटलेलं असतं आणि चौकातून जाणारे लोक माझ्या दुकानाची पाटी जरा जास्त वेळ वाचतात. तीन पिढ्या त्यांचे कपडे शिवून झाले तरी वाचतात. त्या दिवसांत मी मशीन थोडी आत सरकवायचो, तुझ्या फोटोच्या अगदी खाली. कुणी आत आलं की आधी तो दिसायचा. "हा सुहास ना? तुझा दोस्त?" "हो, लहानपणापासूनचा." पुढचा माणूस जरा सैल व्हायचा. तुझी हिरवी वर्दी मी पांघरून बसलो होतो, सुहास. मग तू ती काढून ठेवायला निघालास.

त्या एप्रिलमध्ये तू सुट्टीवर आलास आणि म्हणालास, "मास्तर, दुकान बंद करा. सूर्यमाळला जाऊन येऊ." आपण मोटरसायकलवर निघालो. मोखाडा मागे गेलं, चढ लागला. वर विहिरीपाशी बाया हंडे मांडून बसल्या होत्या, पाणी झिरपायची वाट बघत. आपण थोडं पुढे एका आंब्याखाली थांबलो. तू पिशवीतून कापड काढलंस. पांढरं, उत्तम प्रतीचं. माझ्या मांडीवर ठेवलंस.

"हे काय?"

"बदली मागितली होती. लष्करातून तटरक्षक दलात. झाली मंजूर. आधी काही वर्षांसाठी, मग कायम. नवी वर्दी लागेल."

मी कापडाला हातही लावला नाही. "का?"

मग तू सांगितलंस. फार वेळ घेतलास. मधे मधे थांबत होतास, विहिरीकडे बघत होतास.

बर्फातल्या एका चौकीवर दोन जवान आजारी होते. एकाच्या छातीत पाणी झालेलं, दुसऱ्याचा पाय गारठून काळा पडलेला. तू हेलिकॉप्टर घेऊन गेलास. "वर हवा पातळ असते रे," तू म्हणालास, "पात्यांना पकडायला काही मिळतच नाही. खाली जे यंत्र दहा जण उचलतं ते तिथं एकाला घेऊनसुद्धा कुंथतं. दोघं नसते उचलले. मी हिशोब तीनदा केला." तू छातीवाल्याला घेतलंस. दुसरा बर्फावर बसून होता. तू त्याला म्हणालास, तासाभरात येतो. तो हसून म्हणाला, "साब, आप निकलो. मैं इधर ही हूँ."

तासाभरात ढग उतरले. दोन दिवस उतरून राहिले. तू तीनदा निघालास आणि तीनदा परत फिरलास. तिसऱ्या दिवशी पोहोचलास तेव्हा तो तिथंच होता.

"कुणी मला दोष दिला नाही," तू म्हणालास. "उलट शाबासकी मिळाली. एकाला वाचवलं ना. सगळे म्हणाले, निर्णय बरोबर होता. मलाही माहीत आहे की बरोबर होता. त्यानंतरही मी दीड वर्ष तिथंच उडवलं, घाबरून खाली बसलो नाही. पण प्रत्येक वेळी उतरलो की आधी मोजायचो, किती जण आहेत आणि किती मावतील. मास्तर, समुद्रावर हवा दाट असते. तेच यंत्र भरभरून माणसं उचलतं. तिथं कुणाला 'थांब, परत येतो' म्हणावं लागणार नाही, निदान इतक्या वेळा नाही. मला तिकडे जायचंय. माझ्याहून ज्युनियर पोरांच्या हाताखाली परत शिकावं लागेल, बढती मागे पडेल. पडू दे."

मी काय म्हणालो, ते तू ऐकलंस. इथं परत लिहितो, कारण लोकांनी तुझ्याबद्दल बोललेलं लिहिलं आणि माझं गाळलं तर मीही त्या मंचावरच बसल्यासारखा होईन.

मी म्हणालो, "हवा जाड आहे म्हणून वर्दी बदलतोस? सरळ सांग ना, घाबरलास."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता मारशील. चौथीत एकदा मारलं होतंस तसं. माझी तयारी होती.

मी आणखी बोललो. "या कापडाला मी कात्री लावणार नाही. जिथं चाललास तिथला शिंपी बघ."

तू कापडाची घडी घातलीस. नीट, कडा जुळवून. पिशवीत ठेवलंस आणि म्हणालास, "बरं, मास्तर."

एवढंच. परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. तू मागे बसलास. मोखाड्यात चहा प्यायलो आणि पावसाबद्दल बोललो.

मला तुझ्या कशाचा राग येतो सांगू? त्या 'बरं'चा. तू भांडला का नाहीस? माझी कॉलर धरायची होतीस. म्हणायचं होतंस, तुला काय माहीत बर्फ कसा असतो, तू आयुष्यभर पंख्याखाली काज-बटणं केलीस. मी तुझ्यावर एवढी घाण टाकली आणि तू ती घडी घालून पिशवीत ठेवलीस. त्यानंतर सहा वर्षं दर ईदला तुझा फोन आला. दर सुट्टीत तू दुकानात आलास, बाकावर बसलास, शर्टाची बटणं लावून घेतलीस. वर्दी कधी आणली नाहीस. एकदा भिंतीकडे बघून सहज विचारलंस, "नवा फोटो देऊ का, पांढऱ्यातला?" मी म्हणालो, "बघू." तू परत विचारलं नाहीस. मी बघितलं नाही.

आणि तू चहा पिऊन जायचास तेव्हा मला हायसं वाटायचं. तेही लिहून टाकतो.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेचे गणवेश कापत होतो. दुसऱ्या दिवशी तुला आणलं. सोबत तुझ्या दलातले लोक होते, तरुण, पांढऱ्या कपड्यातले, रडणं दाबून ताठ उभे असलेले. पेटी उघडली. काकूंनी, तुझ्या आईनं, तुझ्या गालाला हात लावला. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. मी तुझ्या पांढऱ्या वर्दीच्या खांद्याकडे बघत होतो. डावीकडे झोळ पडला होता. सहा वर्षं तू तसाच फिरलास, डाव्या खांद्याला झोळ घेऊन, आणि माझ्या हातात सुई होती, दोरा होता, आणि ती घडी कुठं घालायची ते जगात फक्त मला माहीत होतं. मला तिथं पेटीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्याऐवजी मी लोकांना रांगेत या, रांगेत या म्हणत राहिलो.

आज सकाळी काकूंकडे गेलो. कालचा तमाशा त्यांच्या कानावर गेला असणार, म्हणून माफी मागायला. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी तोंड उघडणार तोच फाटकाशी एक माणूस आला. तिशीतला, काटक, हातात कापडी पिशवी.

"सायबाचा घर हाच का?"

"कोणत्या साहेबांचं?"

"चौकात फोटो लावलाय त्या. कपडा हिरवा हाय, पन तोंड तोच हाय. मी पोशेऱ्याचा, सोमा."

काकूंनी त्याला बसायला सांगितलं. तो ओट्याखालीच बसला, चपला बाजूला काढून. भातकापणी झाली की तो दरवर्षी किनाऱ्यावर जातो, मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून. मागच्या हंगामात वादळात त्यांच्या बोटीत पाणी भरलं.

"आमी सात जण होतो," सोमा म्हणाला. "बोट आडवी झाली. मंग वरनं आवाज आला, दोर आला. एकेकाला वर घेत होता. मी शेवटचा. माना वाटला, आता भरला असंल, आता हा जाल. पन गेलाच नाय. वारा असा का बोलू नको, आन तो वरच थांबला. साती जणा उचलला. एक पन नाय ठेवला."

काकूंनी विचारलं, "तुला कसं कळलं की आमचा सुहास होता?"

"जमिनीवर उतरलो, तिथं चहा दिला आमाला. तं सायेब आला, सगळ्यांला मोजला. एक, दोन, तीन, असा बोट लावून. परत मोजला. मंग माना इचारला, गाव कुठला. मी बोललो पोशेरा. तं हासला. बोलला, मी जव्हारचा. आपण दोघं डोंगरातले, हितं खाऱ्या पान्यात काय करतो रे?"

सोमाला हसू आलं, मग त्यानं ते आवरलं. पिशवी पुढे केली. वरई होती, त्याच्या शेतातली. काकू नको म्हणाल्या नाहीत. त्यानं तुझ्या फोटोला नमस्कार केला, घरातल्या, तुझ्या लग्नातल्या, आणि दहाच्या गाडीला गेला. काल मंचावर सात भाषणं झाली. या माणसाला कुणी बोलावलं नव्हतं, कारण तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तू माझ्या बाकावर बसून चहा प्यायलास आणि मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो? 'बघू' म्हणालो असतो.

काकूंनी सूप आणलं आणि वरई निवडायला घेतली. मग मान वर न करता म्हणाल्या, "रफीक, तो लष्करातून का निघाला रे? मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुला काही बोलला होता?"

मी सांगितलं. आंबा, कापड, चौकी, दोन जवान, पातळ हवा, दोन दिवसांचे ढग. मी काही गाळलं नाही. त्या ऐकत होत्या आणि बोटं चालू होती. सोमानं सांगितलेलं तुझं मोजणं आता त्यांनाही कळलं असावं, कारण मी ढगांपाशी आलो तेव्हा बोटं थांबली.

"मग तू काय म्हणालास त्याला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "म्हणालो, घाबरलास."

मला वाटलं, आता या मला घराबाहेर काढतील. काढावं असंच मला वाटत होतं.

"मीपण तेच म्हणाले," काकू म्हणाल्या. "फोनवर. म्हटलं, तुझे बाबा एका खाकीत नोकरीला लागले आणि त्याच खाकीत रिटायर झाले. तुला एक वर्दी सांभाळता येत नाही? लोक मला बाजारात अडवून विचारतात, मी काय सांगू?"

"मग?"

"म्हणाला, बरं आई. जेवलीस का?"

आत वहिनी कपाट लावत होत्या, हँगरचा आवाज येत होता. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी तुला बुकलून काढलं असतं. दोघांना 'बरं' म्हणालास. दोघांनी तुला भित्रा म्हटलं आणि तू एकाला चहा पाजलास, दुसरीला जेवणाचं विचारलंस. आणि परत जाऊन वाऱ्यात थांबलास. हे कुणासाठी साठवून ठेवलं होतंस? कधी सांगणार होतास? आम्ही म्हातारे झाल्यावर?

काकूंनी सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले.

"तो बर्फात राहिला तो पोरगा," त्या म्हणाल्या, "त्याचीही आई असेल. नाव काय होतं त्याचं?"



तू सांगितलं होतंस, सुहास. त्या दुपारी तू त्याचं नाव दोनदा घेतलंस, मला पक्कं आठवतं, आणि गावही सांगितलंस. मी तेव्हा माझ्या दुकानातल्या फोटोचा विचार करत होतो. मी ऐकलं नाही.